झटके खाणारी जुनी फियाट आणि तुमच्या गॅरेजची पत

शिरूर किंवा दौंडला स्वतःचं गॅरेज टाकायचं डोक्यात आहे? मग आजचा विषय तुमच्यासाठी.

शिरूर तालुक्यातच रांजणगावला फियाटचा मोठा कारखाना आहे. तिथल्या नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसतो. पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, किंवा एखादी जुनी स्पोर्ट्स कार दारात आली तर? तिला स्कॅनरचं सॉकेटच नाही. आणि कार्ब्युरेटर, पॉइंट समजणारे मिस्त्री आता कमी राहिलेत. इथेच तुमची संधी आहे.

अशा गाडीची सगळ्यात अवघड तक्रार कोणती? "कधी कधी झटके खाते." गॅरेजमध्ये आली की शहाण्यासारखी चालते! मग मिस्त्री अंदाजाने प्लग बदलतो, कॉइल बदलतो, बिल होतं. चार दिवसांनी गाडी पुन्हा अडखळते. गिऱ्हाईक गेलं, आणि गावभर बोभाटा झाला तो वेगळाच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी वही घ्या. झटका कधी येतो, हे विचारा. उत्तरावरून रस्ता सापडतो.

ॲक्सिलरेटर दाबताक्षणी अडखळते? कार्ब्युरेटरचा ॲक्सिलरेटर पंप बघा. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टर काढा, थ्रॉटल हलवा. आत पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. जवळ विडी-सिगारेट, ठिणगी अजिबात नको.

बराच वेळ पळाल्यावर दम सोडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते? पेट्रोल कमी पोचत असेल. टाकीतला गंज, तुंबलेला फिल्टर तपासा. गाडी अडखळताच बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

इंजिन तापल्यावरच त्रास? कॉइल आणि कंडेन्सरवर संशय घ्या. स्पार्क गरम असतानाच तपासा, थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसेल. उन्हाळ्यात पेट्रोलची नळी इंजिनच्या फार जवळून गेली असेल, तर आत वाफ धरते, तेही बघा.

खड्ड्यातच झटका? ढिली वायर, खराब अर्थिंग, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर. ती वरून धड दिसते, पण आवरणाच्या आत तुटलेली असू शकते.

आणखी एक. आपल्या भागातल्या उसापासून इथेनॉल बनतं आणि तेच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी असते का, हे विचाराच.

मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून फेरी मारा. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याचा रस्ता धरा किंवा दौंडहून कुरकुंभकडे जा. पण झटका येईपर्यंत चालवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते तुम्हालाही कळणार नाही.

आता धंद्याचं बोलू. या शोधाचे पैसे मागायला लाजू नका. आधीच सांगा, "तपासणीचे समजा ५०० रुपये. काम इथेच केलंत तर बिलातून वजा करतो." काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, काय बिघडलं ते दाखवा. झटका सापडला नाही तर तेही स्पष्ट सांगा. उगाच पार्ट लावू नका. पार्ट तर पुण्यातही मिळतो. खरं कारण शोधून देणारा माणूस गावात मिळाला, तर गिऱ्हाईक पुण्याला कशाला जाईल?

आजच वहीत चार रकाने आखा: कधी, कुठे, थंड की गरम, काय बदललं. वर्षभरात हीच वही तुमचा स्कॅनर होईल. लागा कामाला!