गव्हर्नर व्हेटोची उमेदवारी

मोटार चालवायला सरकारी परवाना लागावा का? 2016च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या ओरलँडो शहरात लिबर्टेरियन पक्षाचे अधिवेशन भरले होते. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांना तिथे हा प्रश्न विचारला गेला. बाकीचे ठणकावून ‘नाही’ म्हणत होते आणि टाळ्या घेत होते. गॅरी जॉन्सन यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, गाडी हातात घेण्याआधी माणसाला ती चालवता येते एवढे तरी दिसायला हवे. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या 1964च्या नागरी हक्क कायद्यावर आपण सही केली असती, असे त्यांनी सांगितले तेव्हाही तेच झाले. पण दुसऱ्या दिवशी मतदान झाले आणि याच प्रतिनिधींनी जॉन्सन यांनाच उमेदवार केले. पहिल्या फेरीत त्यांना निम्म्याहून किंचित कमी मते पडली, दुसऱ्या फेरीत सुमारे 56 टक्के.

ज्या पक्षात वाहन परवान्यावरून वाद पेटतो, तो पक्ष आहे तरी कसला?

डिसेंबर 1971मध्ये कोलोरॅडो राज्यात मूठभर लोकांनी त्याची स्थापना केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी देशभरातले पगार आणि किमती सरकारी हुकमाने गोठवल्या होत्या. बाजार मोकळा हवा असे सांगणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्याच अध्यक्षाने हे केले, म्हणून ही मंडळी बिथरली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दुसऱ्याला इजा न करता माणूस आपल्या शरीराचे, पैशाचे आणि वेळेचे काय करतो यात सरकारने पडू नये. त्यामुळे या पक्षाचा माणूस कर आणि सरकारी खर्चावर बोलू लागला की रिपब्लिकन वाटतो. समलिंगी विवाह, गर्भपात किंवा गांजा हे विषय निघाले की तोच डेमोक्रॅट वाटतो. परदेशातल्या युद्धांबद्दल बोलू लागला की दोन्ही पक्षांना नकोसा होतो.

मराठी वाचकाला यातला अर्धा भाग तरी ओळखीचा वाटेल. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत शेतमालावरची सरकारी बंधने उठवा अशी मागणी शरद जोशींनी आयुष्यभर केली आणि 1994मध्ये त्याच विचारावर स्वतंत्र भारत पक्ष काढला. जोशींचा युक्तिवाद शेतकऱ्याच्या हिशेबातून आला होता, जॉन्सन यांचा बांधकाम ठेकेदाराच्या.

जॉन्सन यांचा जन्म 1953चा, नॉर्थ डाकोटा राज्यातल्या मायनॉट गावचा. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात कॉलेजात शिकत असताना, 1974मध्ये, त्यांनी लोकांच्या दारी जाऊन किरकोळ दुरुस्तीची कामे घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी ‘बिग जे’ नावाची कंपनी काढली. जवळच्या रिओ रांचोमध्ये इंटेल कंपनीचा कारखाना वाढत होता. तिथले मोठे काम मिळाले आणि धंद्याने उचल खाल्ली. 1994पर्यंत कंपनीत सुमारे हजार माणसे कामाला होती. त्याच वर्षी, तोपर्यंत कुठल्याही पदावर कधी निवडून न आलेला हा गृहस्थ रिपब्लिकन पक्षाकडून गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि ब्रूस किंग यांच्यासारख्या मुरलेल्या डेमोक्रॅट गव्हर्नरला हरवून आला.

पुढची आठ वर्षे हेच त्यांच्या राजकारणाचे खरे भांडवल. राज्याच्या विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅट पक्षाचे होते. तिथे मंजूर झालेले विधेयक गव्हर्नरच्या टेबलावर येते. त्याने सही नाकारली तर ते पुन्हा मंजूर करून घ्यायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. बहुतेक गव्हर्नर हा नकाराधिकार, म्हणजे व्हेटो, जपून वापरतात. जॉन्सन यांनी पहिल्या सहा महिन्यांतच सव्वाचारशेच्या आसपास विधेयकांपैकी 200 परत पाठवली. आठ वर्षांत हा आकडा 700च्या वर गेला आणि ‘गव्हर्नर व्हेटो’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. प्रत्येक कागदावर त्यांचा प्रश्न एकच असे: हे काम सरकारने करण्याची गरज आहे का, आणि असल्यास त्याला इतका पैसा लागतो का? 1998मध्ये ते पुन्हा निवडून आले, म्हणजे नकार ऐकून मतदार वैतागला नव्हता.

या कारकिर्दीवर डाग नाहीत असे नाही. तुरुंग चालवण्याचे काम खासगी कंपन्यांकडे सोपवायला त्यांचा पाठिंबा होता. 1999मध्ये सांता रोसा इथल्या अशाच एका तुरुंगात दंगल झाली आणि एक पहारेकरी मारला गेला. ठेकेदार स्वस्तात काम करतो हे खरे, पण कैद्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार ही इमारत दुरुस्तीसारखी निविदा काढून देण्याची गोष्ट नव्हे. सरकार कमीत कमी असावे म्हणणाऱ्यांनीही तुरुंग सरकारच्याच हातात ठेवायला हवा, कारण माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याइतका मोठा अधिकार दुसरा नाही. जॉन्सन यांच्या विचारात इथे फट होती.

त्याच वर्षी त्यांनी असे एक विधान केले की दोन्ही पक्ष हादरले. अमली पदार्थांविरुद्धचे युद्ध फसले आहे, तुरुंग भरण्यापलीकडे त्यातून काही साधले नाही, आणि गांजाला कायद्याने मोकळीक द्यावी, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. तोवर अमेरिकेत एवढ्या मोठ्या पदावर बसलेल्या कुणी हे बोलले नव्हते. केंद्र सरकारचे अमली पदार्थविरोधी प्रमुख जनरल बॅरी मकॅफ्री थेट न्यू मेक्सिकोत येऊन त्यांच्यावर तुटून पडले. खुद्द त्यांच्या सरकारातले सार्वजनिक सुरक्षा सचिव राजीनामा देऊन बाहेर पडले. लोकप्रियता घसरली, पण जॉन्सन यांनी शब्द मागे घेतला नाही. ज्या भूमिकेतून मत मिळण्याऐवजी जाणार, ती भूमिका पदावर असताना घेणे फार थोड्यांना जमते, आणि या माणसाकडे गंभीरपणे पाहायला हवे ते यासाठी. न्यू मेक्सिकोत 2021मध्ये गांजा कायदेशीर झाला. कायद्यावर सही डेमोक्रॅट गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांची होती.

सलग दोनच मुदतींची मर्यादा असल्याने जानेवारी 2003मध्ये जॉन्सन पायउतार झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आले. राजकारणात ते परतले 2012च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी. सुरुवात रिपब्लिकन म्हणूनच केली होती. पण जनमत पाहण्यांत टक्केवारी पुरेशी नाही म्हणून पक्षाच्या बहुतेक वादसभांतून त्यांना वगळण्यात आले आणि डिसेंबर 2011मध्ये ते लिबर्टेरियन झाले. त्या पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांना जवळपास 12 लाख 75 हजार मते मिळाली, म्हणजे जेमतेम एक टक्का.

मग 2016मध्ये पुन्हा का उभे राहायचे?

एक कारण समोरचे उमेदवार. हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प दोघेही मतदारांच्या मोठ्या गटाला नकोसे होते. दुसरे कारण जोडीदार. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर विल्यम वेल्ड उपाध्यक्षपदासाठी सोबत आले. कारभार केलेले दोन माजी गव्हर्नर या पक्षाच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होते. 1972मध्ये याच पक्षाचे पहिले उमेदवार, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स, फक्त दोन राज्यांच्या मतपत्रिकांवर होते. जॉन्सन यांचे नाव पन्नासही राज्यांत होते.

तिसरे कारण जॉन्सन उघडपणे मांडत. दोन्ही पक्ष खर्च वाढवतात, दोन्ही पक्ष युद्धे करतात, मग हे थांबवा म्हणणाऱ्याने मत द्यायचे कुणाला? अंदाजपत्रकाचा ताळेबंद जुळवायचा, दुसऱ्यांच्या देशांत राजवटी उलथवायच्या नाहीत, स्थलांतरितांसमोर भिंत न बांधता त्यांना कामाचा परवाना मिळणे सोपे करायचे, गर्भपाताचा निर्णय स्त्रीवर सोडायचा, असा त्यांचा कार्यक्रम होता. प्राप्तिकर रद्द करून त्याजागी खरेदीवरचा एकच राष्ट्रीय कर आणावा, हा त्यातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत कच्चा भाग. गरीब कुटुंबाची जवळजवळ सगळी मिळकत खरेदीत जाते, श्रीमंताची जात नाही. गरजेच्या खर्चावरचा कर दरमहा आगाऊ परत देण्याची सोय या योजनेत होती. पण सरकार लहान करायला निघालेल्या माणसाने घरोघरी दर महिन्याला सरकारी पैसे पोहोचवायचे, हे त्याच्याच विचाराशी जुळत नाही.

अडथळे दोन आकड्यांचे होते. टीव्हीवरच्या अध्यक्षीय वादसभेत उभे राहायचे तर पाच राष्ट्रीय पाहण्यांत सरासरी 15 टक्के पाठिंबा लागे. उन्हाळ्यात जॉन्सन नऊ टक्क्यांच्या घरात पोचले, पुढे सरकले नाहीत. लोकांना माहीत नाही म्हणून पाठिंबा कमी, पाठिंबा कमी म्हणून वादसभेत जागा नाही, आणि वादसभेत नाही म्हणून लोकांना माहीत नाही. कोर्टात जाऊनही हा फेरा सुटला नाही. दुसरा आकडा पाच टक्क्यांचा. तेवढी मते पडली तर पुढच्या निवडणुकीत पक्षाला प्रचारासाठी सरकारी निधी मिळाला असता.

पण सगळ्यांत मोठा घाव बाहेरून आला नाही. 8 सप्टेंबर 2016च्या सकाळी एमएसएनबीसी वाहिनीवर स्तंभलेखक माइक बार्निकल यांनी विचारले की निवडून आलात तर अलेप्पोबद्दल काय कराल. जॉन्सन म्हणाले, ‘अलेप्पो म्हणजे काय?’ सीरियातले ते शहर तेव्हा बॉम्बवर्षावाखाली होते आणि तिथल्या निर्वासितांचे लोंढे युरोपच्या दारात पोचले होते. तीन आठवड्यांनी, आवडता परदेशी नेता कोण या प्रश्नावरही त्यांना एक नाव सुचेना; शेजारी बसलेल्या वेल्डना मदत करावी लागली. परक्या देशात सैन्य धाडू नये, हे मत पूर्णपणे समर्थनीय आहे. पण ते मांडणाऱ्याला तो देश इतरांपेक्षा जास्त ठाऊक असावा लागतो. आपण काय करायला नकार देत आहोत हे जाणून दिलेला नकारच मोलाचा. न्यू मेक्सिकोच्या राजधानीत, सांता फेमध्ये, बसून प्रत्येक विधेयकावर प्रश्न विचारणारा गव्हर्नर हे जाणून होता, अध्यक्षपदाचा उमेदवार इथे कमी पडला.

शिकागो ट्रिब्यूनसारख्या जुन्या दैनिकाने त्यानंतरही त्यांनाच पाठिंबा दिला. नोव्हेंबरात सुमारे 44 लाख 89 हजार मते मोजली गेली, सुमारे 3.3 टक्के. पक्षाला इतकी मते आधी कधी मिळाली नव्हती, पण पाच टक्के हुकले. न्यू मेक्सिकोत मात्र नऊ टक्क्यांहून जास्त लोकांनी जॉन्सनना मत दिले होते. राज्याच्या कायद्यानुसार तेवढ्या मतांवर लिबर्टेरियनांना 2018मध्ये तिथे प्रमुख पक्षाचा दर्जा मिळाला, आणि त्यांच्या उमेदवारांना डेमोक्रॅट व रिपब्लिकनांच्या बरोबरीने राज्याच्या प्राथमिक निवडणुकीत उतरता येऊ लागले. त्याच वर्षी जॉन्सन तिथून सिनेटसाठी उभे राहिले. तिसरे आले, पण मते मिळाली 15 टक्के.