पायथॉनमधील अनवरोधी सॉकेट : एक विवेचन

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. या महाविद्यालयांना निकाल पुरविणारा नांदेड येथील एकच सर्व्हर कल्पिल्यास, लातूरच्या एका मंद जोडणीसाठी तो थांबताच इतर सर्व विद्यार्थी ताटकळतील. पायथॉनमधील सॉकेट मूलतः असेच थांबणारे असते. 'सेटब्लॉकिंग(फॉल्स)' या आज्ञेने ते अनवरोधी, म्हणजे कार्यक्रमास अडवून न धरणारे, होते. माहिती आलेली नसल्यास वाचनाची आज्ञा तत्काळ 'ब्लॉकिंगआयओएरर' हा अपवाद देते. शून्य बाइट मिळणे मात्र समोरील बाजूने पाठविणे संपविल्याचे द्योतक होय. हा भेद न पाळल्यास चालू जोडणीही तोडली जाते. सतत विचारणा केल्यास प्रोसेसरची शक्ती व्यर्थ जाते. म्हणून 'सिलेक्ट'द्वारे सज्ज झालेले सॉकेटच वाचावे. २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून 'असिंकआयओ' हे ग्रंथालय ही व्यवस्था सांभाळते.