कोणता बोअर निवडावा?

सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढल्यावर एकच गोष्ट घडते : चढवलेला घोडा सुटतो. घोडा मागे ओढण्याचे आणि त्याबरोबर सिलिंडर एक घर पुढे सरकवण्याचे काम आधीच अंगठ्याने करावे लागते. १८७३ चे कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. अमेरिकी सैन्याने ते .४५ बोअरमध्ये घेतले. पुढे डबल-अॅक्शन रिव्हॉल्व्हरांनी त्याला मागे टाकले, पण रूगर कंपनीने १९५३ मध्ये .२२ चे ‘सिंगल-सिक्स’ आणि १९५५ मध्ये .३५७ मॅग्नमचे ‘ब्लॅकहॉक’ काढून या प्रकाराला दुसरा जन्म दिला. यंत्रणा इतकी साधी आहे की तीत निवडीला फारसा वाव नाही. प्रश्न उरतो तो बोअरचा.

हरियाणातील फरीदाबादमध्ये, भारतात सगळीकडे लागते तशीच, या प्रश्नाला पहिली चाळणी कायद्याची लागते. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, सध्याचे नियम २०१६ चे. .३८० किंवा .४५५ ची रिम असलेली काडतुसे, अथवा सैन्यात वापरली जाणारी ९ मिमी किंवा .४५ ची बिनरिमची काडतुसे ज्यातून झाडता येतात, असे रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि त्याचा परवाना केंद्र सरकारच्या हाती असतो. सामान्य अर्जदाराच्या वाट्याला उरतात ते अनिषिद्ध बोअर. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली (नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे), त्यामुळे चुकलेली निवड अंगाशी येते. निषिद्ध बोअरच्या नियमाचा रोख बोअरच्या आकड्यावर नसून शस्त्रात कोणते काडतूस बसते यावर आहे. .३८० च्या लष्करी काडतुसाची पितळी नळी सुमारे ९.८ मिमी जाड असते, तर .३५७ मॅग्नमची सुमारे ९.६. पहिले दुसऱ्याच्या घरात सहसा शिरत नाही. .३५७ ची काही परदेशी रिव्हॉल्व्हरे भारतात परवान्यावर आढळतात, त्यामागे हाच दोन दशांश मिलिमीटरचा फरक आहे.

दुसरी चाळणी भौतिकशास्त्राची. .२२ लाँग रायफलची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची गोळी ६.३५ ग्रॅमची, वेग २१५ मीटरच्या घरात. .३५७ मॅग्नममध्ये १०.२ ग्रॅमची गोळी ३८० मीटरच्या वेगाने सुटते. ऊर्जेत मांडल्यास हे आकडे अनुक्रमे सुमारे ११७, १४७ आणि ७३५ ज्यूल होतात. हाताला मात्र ऊर्जा जाणवत नाही, जाणवतो तो संवेग. गोळी जेवढा संवेग पुढे नेते तेवढाच शस्त्राला मागे मिळतो, आणि एकाच वजनाच्या शस्त्रात धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. .३५७ चा संवेग .३२ च्या सुमारे २.८ पट, म्हणजे केवळ गोळीपुरता हिशेब केला तरी धक्का जवळपास आठपट. नळीतून गोळीमागे उसळणारा वायू त्यात आणखी भर घालतो. सिंगल-अॅक्शनची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वाकलेली असल्यामुळे धक्का बसताच शस्त्र तळव्यात वर गरकन फिरते. यात एक सोय आहे : घोडा अंगठ्याजवळ येतो. पण दर बार उडाल्यानंतर पकड नव्याने बसवावी लागते, आणि जड बोअरमध्ये नवशिक्याची नेमकी तिथेच गफलत होते.

जड बोअरच्या बाजूने अमेरिकेत दिला जाणारा युक्तिवाद अस्वलांचा आणि शिकारीचा असतो. फरीदाबादलगतच्या अरवलीत, मांगर बनीच्या परिसरात, बिबटे आहेत खरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ते संरक्षित आहेत. .४४ मॅग्नमसाठी तिथे काम नाही.

राहतो .३२, आणि तोच भारताचा खरा रिव्हॉल्व्हर बोअर आहे. कानपूरच्या आयुध निर्माणीचे रिव्हॉल्व्हर याच बोअरचे. २०१४ मध्ये आलेले, अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ही याचेच. त्याचे एस अँड डब्ल्यू लाँग काडतूस १८९६ चे, तेव्हा जुनाट म्हणून नाक मुरडणारे भेटतात. वास्तविक त्याचा दाब कमी आणि नेमकेपणा वादातीत आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी बोअर चालतात, तरी जगभरचे नेमबाज यातल्या खालच्या टोकाचा .३२ निवडतात. सपाट तोंडाची ‘वॅडकटर’ गोळी कागदाला पंच केल्यासारखे स्वच्छ भोक पाडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह सुवर्णपदक मिळवले.

महाराष्ट्राशी या बोअरचे नाते काडतुसाच्या बुडावरच कोरलेले असते. तिथली ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ चा. काडतूस देशातच बनते, ही .३२ ची सर्वांत मोठी जमेची बाजू; .३५७ वाल्याला बहुधा महागड्या आयातीवर अवलंबून राहावे लागते. मात्र ‘.३२’ एवढेच सांगून काडतुसे मागू नयेत. ईशापूरच्या ‘अशनी’ पिस्तुलात चालते ते .३२ एसीपी. ते आखूड असते आणि त्याचा कमाल दाब एस अँड डब्ल्यू लाँगपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त असतो. रिव्हॉल्व्हरच्या घरात ते कधी कधी बसते, पण बसले म्हणून झाडू नये.

केवळ सरावच करायचा असेल तर .२२ ला तोड नाही. धक्का नगण्य, आवाज कमी, खर्च हलका. फरीदाबादच्या वेशीवर, तुघलकाबादला, १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेली डॉ. कर्णी सिंह रेंज आहे. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात (सेंटर फायरहून वेगळ्या) .२२ च चालतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेतील सुवर्णही .२२ चेच. याचे काडतूस कडेवर ठोका बसून पेटते, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही.

अडचण एकच : देशी रिव्हॉल्व्हर डबल-अॅक्शन असतात, त्यांचा घोडा अंगठ्याने चढवून सिंगल-अॅक्शनसारखे वापरता येते इतकेच. अस्सल सिंगल-अॅक्शन परदेशी असते, आणि सामान्य परवानाधारकाला आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत मिळते. इतरांना आधीच देशात असलेले जुने शस्त्र शोधावे लागते. आयातीची मुभा असलेल्याने .३२७ फेडरल मॅग्नमचे सात घरांचे रिव्हॉल्व्हर पाहावे. त्यात .३२ एच अँड आर मॅग्नम आणि खडकीचे .३२ लाँगही झाडता येते. आखूड काडतुसे वापरल्यावर घराच्या पुढच्या भागात काजळीचे कडे धरते. ते पितळी ब्रशने काढले नाही, तर नंतर लांब काडतूस पूर्ण आत जात नाही.