विश्लेषण : परदेशी नाती कधी ठेव, कधी डाग! लियाओ चेंगझी यांच्या कारकीर्दीतून दिसणारे चीनचे स्थलांतरितांविषयीचे धोरण

नोव्हेंबर १९६२. हिमालयात भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे होते. त्याच महिन्यात, ९ तारखेला, बीजिंगमध्ये एका व्यापारी करारावर सह्या झाल्या. करार होता जपानशी. या देशाशी चीनचे तेव्हा राजनैतिक संबंधही नव्हते. जपानच्या बाजूने सही केली माजी व्यापारमंत्री आणि उद्योजक तात्सुनोसुके ताकासाकी यांनी, तर चीनच्या बाजूने लियाओ चेंगझी यांनी. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या व्यवहाराला ‘एल-टी व्यापार’ असे नाव पडले. व्यापाराची वाटाघाट करणारे हे लियाओ मूळचे व्यापार खात्याचे नव्हते. परदेशांत राहणाऱ्या चिनी लोकांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे ते प्रमुख होते. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे का आली आणि पुढे त्याच कारणाने तो अडचणीत का आला, याचा हा आढावा.

लियाओ चेंगझी कोण होते?

लियाओ यांचा जन्म १९०८ मध्ये टोकियोत झाला. त्यांचे वडील लियाओ झोंगकाई हे सन यत-सेन यांचे निकटचे सहकारी. त्यांचा स्वतःचा जन्म अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचा. आई हे शियांगनिंग हाँगकाँगच्या सधन घरातल्या, चित्रकार आणि क्रांतिकारक. म्हणजे हे घराणेच स्थलांतरितांचे. मूळ गाव दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात असले, तरी दोन पिढ्यांचे जन्म समुद्रापलीकडे झालेले. लहानपणापासून लियाओ जपानी भाषा एखाद्या टोकियोवासीयासारखी बोलत. हेच पुढे त्यांचे मोठे भांडवल ठरले.

ऑगस्ट १९२५ मध्ये ग्वांगझूत वडिलांची हत्या झाली. तेव्हा चेंगझी सोळा वर्षांचे होते. काही काळ टोकियोच्या वासेदा विद्यापीठात शिकून ते परतले आणि १९२८ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. पक्षाने त्यांना युरोपात पाठवले. तेथे हॅम्बर्गसारख्या बंदरांत चिनी खलाशांची संघटना बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. परदेशस्थ चिनी कष्टकऱ्यांशी आलेला हा त्यांचा पहिला थेट संबंध.

तुरुंगवास आणि चहाच्या कंपनीचा फलक

लियाओ यांना जपान, नेदरलँड्स आणि जर्मनीत अटक झाली. १९३३ मध्ये शांघायमध्ये राष्ट्रवादी सरकारने त्यांना पकडले. आईने आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावून त्यांना सोडवले. त्यानंतर स्वतःच्याच पक्षातील नेते झांग ग्वोताओ यांनी त्यांना पक्षातून काढून कैदेत टाकले. ‘लाँग मार्च’चा मोठा भाग लियाओ यांनी पहाऱ्याखाली चालत पूर्ण केला. चांगला चित्रकार असल्याने पत्रके आणि भित्तिचित्रे काढण्यासाठी त्यांची गरज होती आणि त्यामुळे ते वाचले, असे सांगितले जाते.

१९३८ मध्ये त्यांची नेमणूक हाँगकाँगला झाली. तेथील कम्युनिस्ट सैन्याचे कार्यालय बाहेरून चहाची कंपनी म्हणून चालत असे. जपानविरुद्धच्या युद्धासाठी आग्नेय आशिया आणि अमेरिकेतील चिनी लोकांकडून येणारा पैसा, औषधे आणि स्वयंसेवक पुढे पाठवणे हे या कार्यालयाचे मुख्य काम. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग जपानच्या ताब्यात गेल्यावर तेथे अडकलेल्या लेखक-विचारवंतांना गुपचूप बाहेर काढण्याच्या मोहिमेतही लियाओ आघाडीवर होते. १९४२ मध्ये ते पुन्हा पकडले गेले आणि १९४६ मध्ये सुटले.

परदेशस्थ चिनी बीजिंगला इतके महत्त्वाचे का वाटत?

१९४९ मध्ये सत्ता आल्यावर नव्या सरकारने परदेशस्थ चिनी व्यवहार आयोग स्थापन केला. लियाओ यांच्या आई त्याच्या पहिल्या अध्यक्ष आणि लियाओ उपाध्यक्ष झाले. १९५९ मध्ये अध्यक्षपद लियाओ यांच्याकडे आले.

यामागे सरळ हिशेब होता. मलाया, इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्स अशा देशांत लाखो चिनी स्थिरावले होते आणि ते गावाकडे पैसे पाठवत. कोरिया युद्धाच्या काळात अमेरिकेने चीनवर व्यापारबंदी घातली. त्यामुळे ग्वांगडोंग आणि फुजियानच्या खेड्यांत येणाऱ्या या मनीऑर्डरी परकीय चलनाचा मोठा आधार ठरल्या. पण जमीन सुधारणेच्या काळात अशा अनेक कुटुंबांवर ‘जमीनदार’ असा शिक्का बसला होता. पैसे आले की स्थानिक कार्यकर्ते दबाव आणून ते काढून घेत. पाठवणारे हात आखडू लागले, तेव्हा १९५५ मध्ये सरकारला आदेश काढावा लागला : परदेशातून आलेला पैसा ही कुटुंबाची कायदेशीर मिळकत आहे आणि तिला कोणी हात लावू नये. पुढे असे पैसे येणाऱ्या घरांना धान्य-तेलाची जादा कुपनेही देण्यात आली.

मग दुहेरी नागरिकत्व का सोडले?

जुन्या कायद्याप्रमाणे चिनी बापाचे मूल जगात कुठेही जन्मले तरी चिनीच मानले जाई. नव्याने स्वतंत्र झालेल्या शेजारी देशांना यात धोका दिसत होता. आपल्या देशातील लाखो लोकांची निष्ठा नेमकी कुणाशी, हा प्रश्न जकार्तापासून बँकॉकपर्यंत विचारला जात होता. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग परिषदेच्या वेळी पंतप्रधान चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाशी करार करून दुहेरी नागरिकत्वाचा दावा सोडला. या शिष्टमंडळात लियाओही होते. परदेशस्थ चिनी व्यक्तीने एका देशाची निवड करावी आणि स्थानिक नागरिकत्व घेतले तर तेथील कायदे पाळावेत, हे धोरण पुढे त्यांच्या आयोगाने राबवले. १९८० च्या नागरिकत्व कायद्यातही चीनने दुहेरी नागरिकत्व नाकारले.

कागदावर हे सोपे होते, प्रत्यक्षात नाही. १९५९ मध्ये इंडोनेशियाने ग्रामीण भागात परकीयांना किरकोळ व्यापार करण्यास मनाई केली. तिथला खेड्यातला दुकानदार बहुधा चिनीच होता. एका आदेशाने हजारोंचे दुकान आणि गाव दोन्ही सुटले. चीनने जहाजे पाठवली आणि परतलेल्यांना सामावून घेण्यासाठी लियाओ यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे एक लाख माणसे परत आली. त्यांतील अनेकांना दक्षिण चीनमधील खास सरकारी शेतमळ्यांवर वसवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवलेल्या, काहींना नीट चिनी बोलताही न येणाऱ्या या लोकांच्या हाती कुदळ आली.

भारताशीही हा धागा जोडलेला आहे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम आणि बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. १९६३ मध्ये चीनची जहाजे मद्रास बंदरात आली आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक लोकांना घेऊन गेली. अनेकांचा जन्म भारतातलाच होता. त्यांच्यापैकीही बरेच जण अशाच शेतमळ्यांवर पोहोचले.

एल-टी व्यापार नेमका काय होता?

जपानने १९५२ मध्ये तैवानमधील सरकारशी शांतता करार केला होता. त्यामुळे बीजिंगशी अधिकृत संबंध शक्य नव्हते. जे थोडेफार व्यवहार होते तेही १९५८ मध्ये थांबले. नागासाकीतील एका प्रदर्शनात चीनचा ध्वज खाली ओढण्यात आला आणि चीनने व्यापार तोडला. पण दोन वर्षांत चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला, सोव्हिएत तंत्रज्ञ निघून गेले आणि खते, पोलाद, यंत्रे मिळवण्यासाठी दुसरी दारे शोधणे भाग पडले. जपानी उद्योगांनाही कोळसा, लोहखनिज, सोयाबीन हवे होते.

यातून १९६२ चा करार झाला. १९६३ ते १९६७ अशी पाच वर्षे, दरवर्षी सरासरी ३ कोटी ६० लाख पौंडांचा दुतर्फा व्यापार आणि काही यंत्रसामग्रीचे पैसे हप्त्याने देण्याची सोय. नावाला हा दोन व्यक्तींमधला खासगी दस्तऐवज होता. प्रत्यक्षात दोन्ही सरकारांची त्याला संमती होती. १९६३ मध्ये जपानच्या सरकारी आयात-निर्यात बँकेच्या कर्जावर कृत्रिम धाग्याचा कारखाना चीनला विकण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तैवान संतापला आणि टोकियोला पुढच्या अशा कर्जांबाबत माघार घ्यावी लागली. तरी व्यापार थांबला नाही. १९६४ मध्ये दोन्ही राजधान्यांत संपर्क कार्यालये उघडली आणि पत्रकारांची देवाणघेवाण सुरू झाली. दूतावास नसताना हीच कार्यालये दूतावासाचे काम करू लागली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जपान चीनचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार बनला होता.

लियाओ यांनी याची पायाभरणी आधीच केली होती. युद्धानंतर चीनमध्ये अडकलेल्या हजारो जपानी नागरिकांना मायदेशी पाठवण्याच्या १९५३ च्या वाटाघाटी त्यांनीच रेड क्रॉसच्या नावाने केल्या होत्या.

सांस्कृतिक क्रांतीत काय झाले?

१९६६ नंतर सारे उलटले. ‘परदेशी नाती’ हा शब्द आरोप बनला. परदेशात काका असणे, पत्र येणे, पैसे येणे यावरून माणसे हेर ठरू लागली. शाळा, नोकरी, पक्षाचे सदस्यत्व यांचे दरवाजे अशा कुटुंबांना बंद झाले. ज्यांना सरकारनेच जहाजे पाठवून आणले होते, तेही संशयित ठरले. लियाओ यांचा आयोग बंद करण्यात आला आणि ते स्वतः काही वर्षे नजरकैदेत होते.

त्यांना पुन्हा बाहेर आणले ते जपानच्या कामासाठी. सप्टेंबर १९७२ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका बीजिंगला आले आणि दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. माओ आणि तानाका यांच्या भेटीच्या वेळी लियाओ त्या खोलीत होते. पण परत आलेल्या दुकानदारांसाठी, मळ्यांवरील कुटुंबांसाठी असा दिवस उगवायला आणखी काही वर्षे जावी लागली.

१९७८ नंतर काय बदलले?

परदेशी नाती असणे ही वाईट नव्हे, चांगली गोष्ट आहे, अशी भूमिका देंग शियाओपिंग यांनी १९७७ मध्ये घेतली. जानेवारी १९७८ मध्ये लियाओ यांनी ‘पीपल्स डेली’त लेख लिहून जुन्या संशयी धोरणावर टीका केली. त्याच वर्षी परदेशस्थ चिनी व्यवहार कार्यालय नव्याने सुरू झाले आणि लियाओ त्याचे प्रमुख झाले. हाँगकाँग-मकाऊ कार्यालयही त्यांच्याकडेच आले. जप्त घरे परत करणे, बसलेले शिक्के पुसणे अशी किचकट कामे सुरू झाली. व्हिएतनाममधून हाकलले गेलेले अडीच लाखांहून अधिक लोक याच काळात चीनमध्ये आले. त्यांनाही पुन्हा शेतमळ्यांवरच जागा मिळाली.

१९८० मध्ये शेन्झेन, झुहाई, शांतोऊ आणि शियामेन ही विशेष आर्थिक क्षेत्रे ठरली. ही निवड सहज झाली नव्हती. हे चारही भाग स्थलांतरितांच्या मूळ गावांचे किंवा हाँगकाँग-मकाऊच्या दारातले होते. सुरुवातीची बरीच गुंतवणूक हाँगकाँग आणि आग्नेय आशियातील चिनी व्यापाऱ्यांकडून आली. शेन्झेनमधील परदेशी गुंतवणुकीचा पहिला परवाना थायलंडमधील चिनी वंशाच्या कुटुंबाच्या चारोएन पोकफांड समूहाला मिळाला. पूर्वी खेड्यात मनीऑर्डर येत होती, आता कारखाना येऊ लागला.

लियाओ यांचे १० जून १९८३ रोजी निधन झाले. त्या वेळी देशाच्या उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुढे होते. पुढच्याच वर्षी त्यांचे पुत्र लियाओ हुई परदेशस्थ चिनी व्यवहार कार्यालयाचे प्रमुख झाले. आजी, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांनी एकच खाते सांभाळले.

आज या कारकीर्दीकडे कसे पाहावे?

२०१८ मध्ये हे कार्यालय कम्युनिस्ट पक्षाच्या ‘युनायटेड फ्रंट’ विभागात विलीन करण्यात आले. त्यामुळे परदेशस्थ चिनी लोकांशी असलेले बीजिंगचे नाते आता उघडपणे पक्षाच्या हाती आहे आणि अनेक देशांत त्याकडे संशयाने पाहिले जाते. या संशयाचा पहिला फटका पुन्हा त्या-त्या देशातील सामान्य चिनी वंशाच्या नागरिकांनाच बसतो.

लियाओ यांची जपानी भाषा आणि परदेशी ओळखी १९६२ मध्ये कामी आल्या, १९६७ मध्ये गुन्हा ठरल्या आणि १९७२ मध्ये पुन्हा हव्या झाल्या. माणूस तोच होता, गरज बदलत होती. त्यांच्यामागे मोठे घराणे आणि चौ एन-लाय यांचे पाठबळ होते, म्हणून ते तरले. इंडोनेशियातला दुकानदार किंवा देवळीच्या छावणीतून मद्रासच्या जहाजावर चढलेले कुटुंब यांच्याकडे तसे काही नव्हते. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना ठेव मानणाऱ्या कोणत्याही सरकारला म्हणूनच हा प्रश्न विचारावा लागतो : गरज संपल्यावर त्यांचे काय?