प्रकाशाची फणी



"प्रकाश एका सेकंदात किती वेळा कंप पावतो, हे मोजतात कसं?" असं एखाद्या मुलानं विचारलं तर काय सांगाल? इंटरनेटच्या फायबरमधून जाणारा प्रकाश सेकंदाला साधारण १९३ लाख कोटी कंपनं करतो. इतक्या वेगानं मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रकाशाचीच फणी केली. समान अंतरावरच्या अनेक वारंवारिता म्हणजे तिचे दात. अनोळखी प्रकाश जवळच्या दाताशी ताडून पाहायचा आणि फक्त फरक मोजायचा, पट्टीवर पेन्सिल मोजतो तसा. या कामासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पण ती यंत्रणा टेबलभर पसरायची. २००७ मध्ये जर्मनीत गार्चिंग इथं टोबियास किपेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी चिपवरच्या काचेच्या इवल्याशा कड्यात फणी तयार केली.

हे कडं म्हणजे काय? विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीच्या कडेकडेनं पलीकडे जाते ना, तसा प्रकाश कड्याच्या काठानं गोल फिरतो. वर्गात करून बघा: कागदाच्या पट्टीवर लाटा काढा आणि टोकं जोडा. पूर्ण लाटा असतील तरच सांधा जुळतो. कड्यातही तेच, न जुळणाऱ्या लहरी टिकत नाहीत. आणि कडं मोठं, तर दात जवळजवळ.

आता खरी गंमत. फिरून फिरून प्रकाश इतका तीव्र होतो की तो पदार्थाचे गुणधर्मच किंचित बदलतो. मग दोन प्रकाशकणांच्या जागी दोन नवे येतात, एक जास्त ऊर्जेचा, दुसरा तेवढ्याच कमी ऊर्जेचा. दोन मुलांकडे दहा-दहा गोट्या होत्या, आता एकाकडे अकरा, दुसऱ्याकडे नऊ, बेरीज वीसच! म्हणून मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर दात उगवतात. त्यांच्यापासून पुढचे, मग त्याच्याही पुढचे.

लिथियम नायोबेट या स्फटिकात आणखी एक सोय आहे. त्याला विजेचा ताल दिला की प्रकाश त्या तालावर बदलतो, त्यामुळे दातांतलं अंतर आपणच ठरवायचं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटानं अशा चिपवर ९०० हून अधिक दात मिळवले, प्रत्येकात सुमारे १००० कोटी कंपनांचं अंतर!

मात्र पहिल्या, काचेच्या प्रकारात दात पडणं सोपं, त्यांना एका तालात ठेवणं कठीण. कडं जरा तापलं तरी जुळणी बिघडते. कवायतीच्या तासाला रांग सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच!