आभाळ भरल्या दिवशीचा रेडिओ

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, पाली व चौक या किनाऱ्यावरील गावांत बोंबील बांबूंच्या मांडवांवर वाळत घालतात. अवेळी पाऊस आल्यास हा माल खराब होतो. होडी समुद्रात असल्यास धोका जिवाचा असतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईनजीकच्या समुद्रातून उत्तरेस गेले. अशा वेळी वीज जाते, मोबाइलचे मनोरेही बंद पडू शकतात. मग हवामानाची सूचना ऐकण्यास लहानसा रेडिओच उपयोगी पडतो.

हा रेडिओ सौरशक्तीवर चालविणे अवघड नाही. मात्र पुष्कळदा हिशेब उन्हाच्या दिवसाचा मांडला जातो, आणि रेडिओची खरी गरज आभाळ भरलेल्या दिवशी पडते.

लहान रेडिओस सुमारे ०.२ वॉट शक्ती लागते, असे समजू. रोज ६ तास ऐकल्यास खर्च १.२ वॉट-तास होतो. १ वॉटचे सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४ वॉट-तास वीज देते, म्हणून ते पुरेसे वाटते. परंतु दाट ढगांत हे उत्पन्न एकदशांशापर्यंत उतरते. यास्तव पॅनेल ३ वॉटचे घ्यावे. बॅटरी ३.७ व्होल्टची, २००० मिलिअँपिअर-तासांची असावी. तीत ७.४ वॉट-तास साठा राहतो व ऊन नसतानाही पाच दिवस निभावतात.

लिथियम बॅटरी पॅनेलास थेट जोडू नये, मध्ये ४.२ व्होल्टवर भरणे थांबविणारा चार्जिंग नियंत्रक बसवावा. काही नियंत्रकांमुळे रेडिओत खरखर येते. तसे झाल्यास रेडिओ दूर ठेवावा. पॅनेल दक्षिणाभिमुख व सुमारे २० अंश कलते असावे. त्यावर माडाची सावली पडू देऊ नये. खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो, म्हणून ती आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावी. तारांच्या जोडांस ग्रीस लावावे.

१९५६ साली पुणे आकाशवाणीच्या शेतकरी मंडळांच्या प्रयोगात सुमारे १५० गावांतील लोक एकत्र बसून रेडिओ ऐकत व चर्चा करीत. त्याच रीतीने किनाऱ्यावरील ग्रामसेवकांनी चार लोकांसमक्ष एक प्रात्यक्षिक करावे. बॅटरी पूर्ण भरावी, पॅनेल गोणपाटाने झाकावे आणि रेडिओ रोज ६ तास चालवावा. पाचव्या दिवशी आवाज आला, तर साधन भरवशाचे समजावे; न आल्यास बॅटरी मोठी घ्यावी. ही परीक्षा पावसाळ्यापूर्वीच उरकावी.