समुपदेशकाला जात कळायला हवी

आपली मुले-मुली शिक्षणासाठी पुणे, मुंबई, दिल्ली गाठतात. आडनाव कळताच बदलणारी नजर, आरक्षणावरून टोमणे, घरातील पहिल्या पदवीचे ओझे, हे सगळे सोसताना झोप उडते, अभ्यास थांबतो. धीर करून कोणी समुपदेशकाकडे जाते आणि उत्तर मिळते, "तू फार मनाला लावून घेतोस." तो तरुण पुन्हा त्या दारात जात नाही.

समुपदेशकाचे शिक्षण पदवीवर संपत नाही. या व्यवसायात 'सुपरव्हिजन' नावाची पद्धत आहे. समुपदेशक आपले काम, समोरच्याची ओळख उघड न करता, अनुभवी तज्ज्ञापुढे ठेवतो आणि आपले काय सुटते ते तपासतो. स्वतःचे जातीय पूर्वग्रह तपासण्याचीही हीच जागा आहे. "हे खरंच जातीमुळे झालं का?" असा पुरावा न मागता ऐकणे, अपमानाने आलेल्या रागाला आजार न ठरवणे आणि समोरच्याची इच्छा असेल तर तक्रारीचा, कायदेशीर मदतीचा मार्ग सांगणे, ही कौशल्ये शिकावी लागतात.

आज थेरपीत 'माइंडफुलनेस' सर्रास वापरतात. तिचे मूळ बौद्ध स्मृती-साधनेत आहे. श्वासावर लक्ष ठेवल्याने मन सावरते, पण हॉस्टेलमधला भेदभाव त्याने थांबत नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचे मूळ वर्गावर्गांतील संघर्षात दाखवले. म्हणून मनाची काळजी आणि अन्यायाविरुद्धचा लढा, दोन्ही हवेत.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव न होता सेवा मिळणे हा हक्क आहे. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते.

पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारा: आपले शिक्षण काय? सुपरव्हिजन घेता का? जातीच्या अनुभवांवर काम केले आहे का? फी कमी होऊ शकते का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारा. उत्तर पटले नाही तर समुपदेशक बदला. त्यात गैर काही नाही. तातडीची गरज असेल तर शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

कार्यकर्त्यांनी विहारातील व्याख्यानमालेत एक दिवस या विषयाला द्यावा. मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींच्या प्रशिक्षणाला, सुपरव्हिजनच्या खर्चाला हातभार लावावा. आपले दुःख समजणारे समुपदेशक आपल्यातूनही घडले पाहिजेत.